मेंढपाळांच्या अंगरख्यावरून कापड सुचलं आणि ते थेट एव्हरेस्टवर पोहोचलं, थॉमस बरबेरीची गोष्ट

जुलैचा महिना असतो. सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या शिवारात सोयाबीनची खुरपणी चालू असते. आभाळ भरून येतं, भुरभुर सुरू होते आणि बांधावर ठेवलेले प्लॅस्टिकचे रेनकोट अंगावर चढतात. अर्ध्या तासात पाऊस थांबतो. रेनकोट काढला की कळतं, सदरा तर भिजलाच आहे. पाऊस बाहेरच राहिला होता, सदरा भिजला तो घामाने.

जुनी माणसं अशा पावसात घोंगडी घ्यायची, नाहीतर पोत्याची खोळ करून डोक्यावर टाकायची. त्यातून थोडं पाणी झिरपायचं, पण आत कोंडल्यासारखं व्हायचं नाही.

पाणी आत येऊ नये, पण घामाची वाफ बाहेर जावी. ऐकायला सोपी वाटणारी ही मागणी पूर्ण करता करता माणसाची दीड-दोनशे वर्षं गेली. आज गुलमर्गला किंवा औलीला स्कीइंग करायला जाणारे लोक हजारो रुपयांची जॅकेटं घेतात, ती याच एका कामासाठी. आणि या कामात पहिलं मोठं यश मिळवलं ते इंग्लंडमधल्या एका छोट्या गावातल्या कापड दुकानदाराने.

त्याचं नाव थॉमस बरबेरी.

आज बरबेरी म्हटलं की चौकटीचा मफलर, विमानतळावरची चकाचक दुकानं आणि सिनेमातले नट आठवतात. पण या नावामागचा माणूस फॅशनवाला नव्हता. त्याचं गिऱ्हाईक होतं शेतकरी, मेंढपाळ, शिकारी आणि मासे पकडणारे लोक.

गावातलं कापड दुकान

थॉमस बरबेरीचा जन्म २७ ऑगस्ट १८३५ चा. इंग्लंडच्या सरे परगण्यात ब्रॉकहॅम ग्रीन नावाचं खेडं आहे, तिथला. शिक्षण गावातल्याच शाळेत झालं. त्यानंतर त्याने एका कापड दुकानात उमेदवारी केली. कापड मोजायचं, फाडायचं, कुठलं कापड किती टिकतं हे हाताने चाचपून ओळखायचं, हे सगळं तो तिथे शिकला.

१८५६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने स्वतःचं दुकान टाकलं. गाव निवडलं बेसिंगस्टोक. हॅम्पशर परगण्यातलं हे बाजारपेठेचं गाव. भोवती शेती, कुरणं, मेंढरांचे कळप. दुकानात येणारा माणूस दिवसभर उघड्यावर काम करणारा. त्याला कपडा टिकाऊ हवा आणि इंग्लंडच्या रोजच्या पावसात चालणारा हवा.

त्या काळात पावसासाठी बाजारात काय मिळत होतं, हे आधी समजून घ्यायला हवं.

वास मारणारा मॅकिंटॉश

ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश या रसायनतज्ज्ञाने १८२३ मध्ये एक पेटंट घेतलं होतं. डांबरापासून निघणाऱ्या नॅफ्थामध्ये रबर विरघळवायचं आणि कापडाच्या दोन थरांमध्ये ते लावून दोन्ही थर चिकटवायचे. मध्ये रबर, दोन्हीकडे कापड. यातून पाण्याचा थेंबही आत जात नसे. त्यावरून इंग्रजीत रेनकोटला मॅकिंटॉश हेच नाव पडलं.

पण या कोटाची दुखणी बरीच होती. उन्हात रबर चिकट व्हायचं, थंडीत कडक व्हायचं. वास यायचा तो वेगळाच. शिंप्याने सुई टोचली की त्या भोकातून पाणी आत. पुढे रबरावर गंधकाची प्रक्रिया करून ते टिकाऊ करण्याची पद्धत निघाली, तेव्हा चिकटपणाचा आणि कडकपणाचा प्रश्न बराच सुटला.

एक प्रश्न मात्र तसाच राहिला, घामाचा.

माणूस कष्टाचं काम करतो तेव्हा शरीर तापतं. ते थंड ठेवण्यासाठी घाम येतो. घामाची वाफ होते आणि वाफ होताना ती शरीरातली उष्णता घेऊन जाते. अंगावर रबराचा थर असेल तर ही वाफ अडकते, आतल्या बाजूने पुन्हा पाणी होते आणि कपडे भिजतात. उन्हाळ्यात याने जीव कासावीस होतो. थंडीत मात्र जिवावर बेततं. काम थांबलं की तेच ओले कपडे शरीरातली ऊब ओढून घेतात. ओल्या कपड्यात शरीर कोरड्या कपड्यापेक्षा कितीतरी वेगाने गार पडतं.

स्कीइंगमध्ये हेच होतं. उतारावरून घसरत येताना मांड्या भरून येतात, अंग तापतं. खाली आल्यावर माणूस वर नेणाऱ्या पाळण्यात बसतो आणि दहा-पंधरा मिनिटं वाऱ्यात निश्चल राहतो. घाम आत अडकलेला असेल तर हुडहुडी तिथेच भरते.

मेंढराच्या अंगावरचं तेल

बरबेरीला ही अडचण पुस्तकातून कळलेली नव्हती. ती रोज दुकानात येत होती.

असं सांगितलं जातं की त्याचं लक्ष मेंढपाळांच्या आणि शेतकऱ्यांच्या अंगरख्याकडे गेलं. हे लोक जाड कापडाचे ढगळ अंगरखे घालायचे. ते धड रेनकोट नव्हते, तरी पावसात बऱ्यापैकी टिकाव धरायचे आणि त्यात घुसमटही होत नसे. कारण होतं मेंढरं. दिवसभर मेंढरांना धरताना, धुताना त्यांच्या लोकरीतला मेणचट तेलकट पदार्थ अंगरख्याला लागायचा. त्याला लॅनोलिन म्हणतात. या तेलाने कापडाचे धागे पाणी झटकायला लागायचे. पण धाग्यांमधल्या फटी मोकळ्याच राहायच्या, म्हणून हवा खेळती.

आपल्याकडे धनगरांच्या घोंगडीत हेच तेल असतं. शिवाय लोकर बरीच ओल शोषूनही ऊब देते. चिंचोक्याची खळ दिलेली दाट विणीची घोंगडी भुरभुर पावसात सहज निभावते, ते यामुळेच.

मॅकिंटॉशने तयार कापडावर रबराचा थर दिला होता. बरबेरीने उलटीकडून सुरुवात केली. कापड विणण्याआधी धाग्यालाच पाणी झटकणारी प्रक्रिया द्यायची. मग तो धागा अतिशय घट्ट विणायचा. विणून झाल्यावर कापडाला पुन्हा एकदा प्रक्रिया द्यायची. विणीसाठी त्याने तिरप्या रेघांची ट्विल वीण वापरली. आपल्या जीन्सच्या कापडावर तिरप्या रेघा दिसतात, तीच वीण. फक्त इथे धागा बारीक, वीण दाट आणि रेघा जास्त उभ्या.

परिणाम असा झाला की पावसाचा थेंब कापडावर पडला की घरंगळून खाली जायचा. वारा आत शिरत नसे. आणि धाग्यांच्या मधल्या अतिसूक्ष्म फटींतून घामाची वाफ बाहेर पडायची. वर वजन कमी, वास नाही, थंडीत कडक होणं नाही.

हे साल होतं १८७९. बरबेरीने या कापडाला गॅबर्डीन हे नाव दिलं. शब्द जुनाच होता. मध्ययुगात लांब, सैल झग्याला गॅबर्डीन म्हणायचे, शेक्सपिअरच्या नाटकांतही तो येतो. १८८८ मध्ये त्याने कापडाचं पेटंट घेतलं. तेव्हा तो बावन्न-त्रेपन्न वर्षांचा होता.

हे कापड पूर्णपणे जलरोधक नव्हतं, हेही सांगायला हवं. दिवसभर मुसळधार पाऊस कोसळला तर शेवटी पाणी आत यायचं. थोडं पाणी आलं तरी चालेल पण वाफ कोंडायला नको, असा तो हिशोब होता. आणि या हिशोबाचा खरा कस लागणार होता तो पावसात नव्हे, बर्फात.

बर्फावरची परीक्षा

योगायोग असा की ज्या १८८८ साली गॅबर्डीनचं पेटंट झालं, त्याच साली नॉर्वेचा फ्रिट्यॉफ नान्सेन स्कीवरून ग्रीनलँड पार करून गेला. त्याच्या पुस्तकामुळे स्कीइंग हा प्रकार युरोपभर माहीत झाला. हाच नान्सेन १८९३ मध्ये उत्तर ध्रुवाच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याच्याकडे बरबेरीचं गॅबर्डीन होतं, असं कंपनीच्या इतिहासात नोंदवलेलं आहे.

१८९१ मध्ये बरबेरीने लंडनमध्ये हेमार्केट भागात दुकान उघडलं होतं. खेड्यातल्या शेतकऱ्यासाठी निघालेलं कापड आता राजधानीत विकलं जात होतं. गिऱ्हाईकही बदललं. शिकार, गोल्फ, मोटार, घोडेस्वारी आणि बर्फातले खेळ खेळणारे श्रीमंत लोक दुकानात यायला लागले.

मग आल्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमा. रॉबर्ट स्कॉट, अर्नेस्ट शॅकल्टन, रोआल्ड अमुंडसेन, डग्लस मॉसन, या सगळ्यांच्या सामानात गॅबर्डीन होतं. अमुंडसेन आणि त्याचे साथीदार १४ डिसेंबर १९११ ला दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते स्की आणि कुत्र्यांच्या गाड्यांच्या जोरावर. फार थंडीत ते कातडी कपडे घालत आणि राबताना, घाम येत असताना वारा अडवणारे हलके कपडे.

ध्रुवावर पाऊस नसतो. बर्फ कोरडा असतो, तो झटकला की पडतो. तिथला खरा शत्रू वारा आणि स्वतःचाच घाम. त्यामुळे गॅबर्डीन तिथे चपखल बसलं. मॉसनच्या मोहिमेत तर बरबेरी हे कंपनीचं नाव राहिलंच नव्हतं. वारा अडवणाऱ्या बाहेरच्या पोशाखालाच ती माणसं बरबेरी म्हणत.

माप चुकलं की कापड वाया

बरबेरीला आणखी एक गोष्ट कळली होती. कापड कितीही चांगलं असो, बेतणं चुकलं तर उपयोग नाही.

साधा कोट घालून हात वर करा. बाही मनगटावरून मागे सरकते, कोटाचा घेर कमरेवरून वर उचलला जातो आणि वारा नेमका तिथून आत शिरतो. बंदूक रोखणारा, गोल्फची काठी फिरवणारा किंवा स्कीच्या काठ्या टेकवणारा माणूस दिवसातून शेकडो वेळा हात हलवतो. म्हणून बरबेरीच्या कारखान्यात बाहीचा वेगळा प्रकार बेतला गेला. त्याला पिव्हट स्लीव्ह म्हणत. यात हात वर गेला तरी सगळा कोट सोबत ओढला जात नसे.

हाच नियम आजही लागू आहे. जॅकेट फार घट्ट असेल तर आतले लोकरीचे किंवा पिसांचे कपडे दाबले जातात, त्यांच्यातली हवा निघून जाते आणि ऊब कमी होते. फार ढगळ असेल तर प्रत्येक हालचालीबरोबर गरम हवा बाहेर फेकली जाते आणि गार हवा आत ओढली जाते. शिवाय वाफ बाहेर जाण्यासाठी आत उष्ण-दमट आणि बाहेर गार-कोरडं असा फरक लागतो. आतल्या कपड्यांपासून जॅकेट हातभर लांब लोंबत असेल तर वाफ कापडापर्यंत पोहोचण्याआधीच गार पडून पाणी होते.

कोर्टातली हार आणि युद्धातला कोट

धंदा वाढला तशी नक्कलही वाढली. सैलसर, अंगात पटकन चढवता येणाऱ्या एका ओव्हरकोटाला बरबेरीची कंपनी स्लिप-ऑन म्हणायची. कॉर्डिंग नावाच्या दुसऱ्या कंपनीने तोच शब्द वापरला तेव्हा १९०९ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. तिथे बरबेरी हरली. शब्द वस्तूचं वर्णन करणारा असेल तर त्यावर एकाच कंपनीला मालकी सांगता येत नाही, असा त्या निकालाचा अर्थ होता. ट्रेडमार्कच्या कायद्यात या खटल्याचा दाखला पुढेही दिला गेला.

१९१२ मध्ये कंपनीने टायलॉकन नावाच्या कोटाचं पेटंट घेतलं. त्याला बटणांची रांग नव्हती, तो पट्ट्याने आवळून बंद व्हायचा. दोन वर्षांत पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि अशाच कोटांतून ट्रेंच कोट घडत गेला. ट्रेंच म्हणजे खंदक. खांद्यावर हुद्द्याच्या पट्ट्या, कमरेला धातूच्या कड्या, छातीवर पावसासाठी जादा पदर, हे सगळं खंदकातल्या अधिकाऱ्यांच्या गरजेतून आलं. ॲक्वास्क्युटम ही दुसरी ब्रिटिश कंपनीही असे कोट बनवत होती आणि पहिला कोण, यावर दोन्ही नावं सांगितली जातात.

पण हा कोट अधिकाऱ्यांचा होता. तो त्यांनी स्वतःच्या पैशाने घ्यायचा. साध्या शिपायाच्या अंगावर जाड लोकरी ओव्हरकोट असायचा. तो चिखल आणि पाणी शोषून दगडासारखा जड व्हायचा. १९१४ च्या शरद ऋतूत फ्रान्समध्ये उतरलेल्या भारतीय सैनिकांपैकी अनेक जण तर सुती खाकीत होते. गरम कपडे त्यांच्यापर्यंत पोहोचेपर्यंत थंडी आणि चिखल सुरू झाला होता.

उघड्यावर राबणाऱ्यांसाठी निघालेलं कापड तोवर राबणाऱ्यांच्या आवाक्याबाहेर गेलं होतं.

एव्हरेस्ट आणि १ मे १९९९

थॉमस बरबेरी स्वतः मात्र साधाच राहिला. तो बाप्टिस्ट पंथाचा धार्मिक माणूस होता आणि दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता. १९०५ मध्ये बेसिंगस्टोकचं त्याचं मोठं दुकान आगीत जळून गेलं, तरी धंदा थांबला नाही. मुलं कामात आली होती, लंडनची पेढी भक्कम झाली होती. शेवटची वर्षं त्याने बेसिंगस्टोकजवळच्या हुक गावात काढली. ४ एप्रिल १९२६ ला, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, तो गेला.

त्याच्या मृत्यूच्या दोन वर्षं आधी, ८ जून १९२४ ला, जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू आयर्विन एव्हरेस्टच्या शिखराकडे जाताना शेवटचे दिसले. ढग आले आणि दोघं त्यात दिसेनासे झाले. ते शिखरावर पोहोचले होते का, हे कोडं आजही सुटलेलं नाही.

आता सेनगावकरांसाठी एक योगायोग. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला आणि सेनगाव हिंगोली जिल्ह्यात आलं. त्याच दिवशी, एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला, ८,१०० मीटरहून जास्त उंचीवर, गिर्यारोहक कॉनरॅड अँकरला मॅलरीचं शरीर सापडलं. पंच्याहत्तर वर्षांनंतरही अंगावर कपड्यांचे तुकडे होते. रेशीम, सूत, लोकर असे एकावर एक पातळ थर आणि सगळ्यांत बाहेर गॅबर्डीन.

तोपर्यंत लोकांचा समज असा होता की ही माणसं सहलीला जावं तशा कोटात एव्हरेस्ट चढायला गेली. ब्रिटनमधल्या संशोधकांनी त्या तुकड्यांचा अभ्यास करून कपड्यांच्या हुबेहूब प्रती बनवल्या. २००६ मध्ये त्या एव्हरेस्टवर घालून पाहण्यात आल्या. कपडे हलके निघाले, हालचालीला मोकळे निघाले आणि वाऱ्यालाही पुरून उरले. हवा चांगली असेल तर चढाईला ते पुरेसे होते. मात्र उंचावर उघड्यावर रात्र काढण्याइतकी ऊब त्यांत नव्हती.

गॅबर्डीननंतर काय

१९६९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गोर याने पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनचं मूळ द्रव्य, झटक्यात ताणून पाहिलं. त्याचा अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार झाला. पाण्याचा थेंब आत जाऊ शकणार नाही इतकी लहान आणि वाफेचा कण सहज बाहेर जाईल इतकी मोठी छिद्रं. हाच गोर-टेक्स. आजची बहुतेक चांगली स्की जॅकेटं अशाच कुठल्या तरी पडद्यावर उभी आहेत.

या जॅकेटांवर दोन आकडे असतात. एक मिलिमीटरमध्ये, म्हणजे कापड किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सहन करतं. दुसरा ग्रॅममध्ये, म्हणजे एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती वाफ बाहेर जाते. १०,००० च्या आसपासचे आकडे साध्या स्कीइंगला चालतात, ओला बर्फ आणि जास्त मेहनत असेल तर लोक २०,००० बघतात. पण आकडे प्रयोगशाळेतले असतात. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, काखेत हवा जायला चेन आहे का, हात वर केल्यावर कंबर उघडी पडते का, हे घालूनच बघावं लागतं.

आणखी एक. बाहेरचं कापड मळलं, पाणी झटकेनासं झालं की त्यावर पाण्याचा थर बसतो आणि महागातलं जॅकेटही श्वास घेणं बंद करतं. आत ओलं लागलं की लोकांना वाटतं जॅकेट गळतं. बऱ्याचदा तो घामच असतो. लेबलवर लिहिल्याप्रमाणे धुऊन, हलकी उष्णता देऊन किंवा पाणी झटकणारं द्रव्य पुन्हा लावून ते बरंच सुधारतं.

बरबेरी कंपनीचं पुढे काय झालं, हे सगळ्यांना दिसतंच. २०१८ मध्ये तर वेगळीच बातमी आली. एका वर्षात कंपनीने न विकलेला २ कोटी ८६ लाख पौंडांचा माल नष्ट केला होता, नाव स्वस्त होऊ नये म्हणून. जगभरातून टीका झाली आणि त्याच वर्षी कंपनीने ही पद्धत बंद करत असल्याचं जाहीर केलं.

ज्या माणसाने हे दुकान सुरू केलं, त्याच्यासमोर बेसिंगस्टोकच्या बाजाराला आलेले, दिवसभर पावसात उभे राहणारे लोक होते. सेनगावच्या बाजारात आजही तसाच माणूस रेनकोट हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघतो आणि दोन-तीनशे रुपयांत पाणी अडवणारं प्लॅस्टिक घरी नेतो. वाफ बाहेर सोडणारं कापड शोधून लागून जवळजवळ दीडशे वर्षं झाली. ते अजून त्याच्या भावात आलेलं नाही.